इंदूर पद्धत : एका खताची हकिगत

इंदूर हे नाव बाहेरच्या जगात अनेक वाटांनी पोहोचले. क्रिकेटवाल्यांना होळकरांचा रणजी जिंकणारा संघ आठवतो, गाण्यातल्या माणसांना अमीर खाँसाहेब आठवतात. पण आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांत, इंग्लंडमधल्या भाजीच्या वाफ्यांत आणि अमेरिकेतल्या बागकामाच्या पुस्तकांत इंदूर हे गेली नव्वद वर्षे खत करण्याच्या एका रीतीचे नाव आहे. 'इंदूर पद्धत' असे तिथले लोक म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांना इंदूर नकाशावर कुठे आहे हे सांगता येणार नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळांना आपल्या शहराच्या नावाचे खत आहे हे ठाऊक नाही. दोन्ही बाजूंची अशी फिटंफाट झालेली आहे.

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत उकिरड्याचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. उत्तर एवढेच, की माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास आपण वाडे, छत्र्या, दरबार आणि नाटक मंडळ्या यांच्याभोवती लिहीत आलो. ज्या काळ्या जमिनीच्या वसुलावर हे सगळे उभे राहिले, तिच्याबद्दल आपण फारसे बोललो नाही. शिवाय या हकिगतीत एक मराठी नाव आहे आणि ते पुसट होत चालले आहे.

गोष्ट सुरू होते ती इंदुरात नव्हे, बिहारात. अल्बर्ट हॉवर्ड हा १८७३ साली इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माणूस. केंब्रिजला शिकला, वेस्ट इंडीजमध्ये उसावरच्या बुरशींचा अभ्यास केला, आणि १९०५ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून पुसा येथल्या नव्या कृषी संशोधन संस्थेत आला. त्याच वर्षी त्याचे गॅब्रिएल मॅथाई हिच्याशी लग्न झाले. ती स्वतः केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रकाशसंश्लेषणावर काम केलेली. पुढची पंचवीस वर्षे या दोघांचे काम इतके एकत्र चालले की कुठले कोणाचे हे वेगळे करणे अवघड आहे. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण त्यांच्याच हातचे. १९१३ मध्ये गॅब्रिएललाही सरकारी हुद्दा मिळाला, तो अर्थात दुय्यम वनस्पतिशास्त्रज्ञाचा. 'दुय्यम' हा शब्द सरकारचा आहे. तिचे मुळांवरचे काम पाहिले तर आपण तो वापरणार नाही.

पुसाला हॉवर्डने पंचाहत्तर एकर जमीन आपल्या ताब्यात मागून घेतली, ती स्वतः पिकवण्यासाठी. प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्याला सल्ला द्यायचा आणि आपण कधी नांगर धरायचा नाही, हे त्याला पटत नसे. त्या वेळी त्याने एक गोष्ट नीट पाहिली: शेजारच्या गावातली पिके कीटकनाशकावाचून, विकतच्या खतावाचून बऱ्यापैकी निरोगी होती. तेव्हा त्याने आसपासच्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले गुरू मानायचे ठरवले. किडी गुरू अशासाठी, की जिथे जमीन किंवा वाण बिघडलेले असते तिथेच त्या येऊन बोट दाखवतात, असे त्याचे मत झाले. हे मत त्याने पुढे फार ताणले. चांगल्या खताने पिकाचा, जनावराचा आणि माणसाचा बहुतेक रोग टळतो, इथपर्यंत तो गेला, आणि तिथे त्याच्या मागे जाणे शक्य नाही. पण साहेबी अमलातल्या एका अधिकाऱ्याने बिहारी शेतकऱ्यापुढे विद्यार्थी म्हणून उभे राहणे ही १९१० च्या सुमाराची गोष्ट आहे. ती लहान नाही.

पुसा त्याने सोडले ते मात्र एका वेगळ्याच भांडणाने. तिथे रसायनाचा विभाग वेगळा, बुरशीचा वेगळा, कीटकांचा वेगळा, वनस्पतींचा वेगळा. कापसाचे एक झाड रोगट झाले तर त्याची मुळे एका खोलीत, पाने दुसऱ्या खोलीत आणि खालची माती तिसऱ्या खोलीत जायची. हॉवर्डचे म्हणणे असे, की झाड एक आहे, जमीन एक आहे, शेतकरी एक आहे, मग अभ्यास तुकड्यातुकड्यांनी का? त्याला एकच संस्था हवी होती, जिथे हे सगळे एका छपराखाली एकाच पिकाच्या मागे लागतील. पुसाला ते होईना.

इथे इंदूर येते. १९२१ मध्ये कापसाचा धंदा सुधारण्यासाठी मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली होती आणि कापसावरच्या उपकरातून तिच्याकडे संशोधनासाठी पैसा येत होता. माळव्याची काळी जमीन ही कापसाची जमीन. समितीने पैसा दिला, मध्य भारतातल्या संस्थानांनी वर्गणी घातली, आणि होळकर दरबाराने इंदुरात तीनशे एकर जमीन दिली. १९२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली आणि हॉवर्ड तिचा पहिला संचालक झाला. आपल्या घराण्यांतून होळकर दरबाराच्या गोष्टी सांगितल्या जातात त्या बहुधा दागिन्यांच्या, मोटारींच्या आणि १९२६ च्या गादीत्यागाच्या. त्याच तुकोजीराव महाराजांच्या दरबाराने ही तीनशे एकर दिली, हे वाक्य त्या गोष्टींच्या शेजारी लिहून ठेवायला हरकत नसावी.

या दरबाराला मातीची अशी एक शिकवणी आधीच मिळालेली होती. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान शहराची आखणी करण्यासाठी इंदुरात आला होता. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. शहराचा मैला आणि सांडपाणी नदीत सोडून द्यायचे की बागाईत जमिनीला द्यायचे, यावर त्यात पाने खर्च केलेली आहेत आणि गेडिसचा कौल जमिनीच्या बाजूने आहे. १९१७ च्या दिवाळीत त्याने काढलेल्या मिरवणुकीची हकिगत त्याच्या चरित्रांत येते. प्लेगाचे दिवस होते. त्याने ठरवले की जी वस्ती सगळ्यांत स्वच्छ होईल तिच्यातून मिरवणूक नेऊ. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजलेले झाडूवाले होते. राक्षस शेवटी जाळला. झाडूवाल्यांचा मान त्या एका दिवसाचा होता हेही लगेच सांगून टाकावे लागते.

आता खताकडे येऊ. संस्थेचे मूळ काम कापसाचे होते. पण काळ्या जमिनीत काम करताना हॉवर्ड दांपत्याला लवकरच कळले की अडचण वाणाची कमी आणि जमिनीची जास्त आहे. पावसाळ्यात ही जमीन फुगते, छिद्रे बंद होतात, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते. उताराप्रमाणे चर काढून पाणी हळू बाहेर न्यायचे हा एक उपाय त्यांनी केला. दुसरा उपाय जमिनीत कुजलेले सेंद्रिय द्रव्य घालण्याचा. ते आणायचे कुठून?

शेण पुरेसे नव्हते, आणि जे होते त्याच्या गोवऱ्या होत. माळवी शेतकरी ज्यांना कंडे म्हणतो, त्यांवर स्वयंपाक होई, दूध आटे. सरकारी पुस्तके गोवऱ्या जाळणे म्हणजे अडाणीपणा असे लिहून मोकळी होत. हॉवर्ड-वाड यांनी तसे लिहिले नाही. त्यांनी विचार उलटा केला: शेण सगळे मिळणार नाही हे धरून चाला, थोड्या शेणात भरपूर खत कसे करता येईल ते पाहा. काडीकचरा तर शेतकऱ्याकडे असतोच. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा. पण नुसता काडीकचरा ढीग करून ठेवला तर तो वर्षानुवर्षे तसाच पडतो. कारण त्यात कर्ब फार आणि नत्र फार थोडे. कुजवणाऱ्या बुरशीला आणि सूक्ष्म जिवांना दोन्ही लागतात. हे कोडे यशवंत वाड यांच्या प्रयोगशाळेत सुटले.

वाड हे संस्थेच्या रसायन शाखेचे प्रमुख सहायक होते. १९३१ मध्ये लंडनहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्याविषयीचे जे छोटे पुस्तक काढले, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. इंदूर पद्धतीचे मूळ पुस्तक ते हेच. जगातल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे बाड शोधत मागे गेलात तर शेवटी या पुस्तकाशी येऊन थांबावे लागते. मग नंतरच्या पुस्तकांत फक्त हॉवर्ड का उरले? त्याचे कारण दुष्टाव्याचे नाही. हॉवर्ड इंग्लंडला परतला, लिहू लागला, भाषणे देऊ लागला, १९३४ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली, आणि चळवळीला एक चेहरा लागतो तो त्याचा झाला. वाड इंदुरात काम करीत राहिले. दुसरे कारण आपल्याकडचे आहे. वाडांवर मराठीत काही लिहिणे हे काम लंडनकरांचे नव्हते, आपले होते.

पद्धत काय होती ते थोडे सविस्तर सांगतो, कारण तिचा खरा गुण तिच्या तपशिलात आहे.

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, आणि खोली फक्त दोन ते तीन फूट. उथळ अशासाठी की खाली हवा पोहोचली पाहिजे. आपल्याकडचा जुना खड्डा खोल असतो आणि तळाशी सगळे आंबते. कडा उतरत्या. कचरा एकदम खड्ड्यात टाकायचा नाही. पऱ्हाट्यांसारखा कडक माल आधी शेतातल्या गाडीवाटेवर पसरायचा, म्हणजे येत्या-जात्या बैलगाड्यांची चाके तो फुकटात चिरडतात. हिरवे तण आधी सुकवायचे. मग सगळा माल मिसळून गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. रात्रभर बैल त्यावर बसतात, मुततात, तुडवतात. सकाळी तो खड्ड्याकडे न्यायचा.

गोठ्याच्या जमिनीची युक्ती मला सगळ्यांत आवडते. जमीन फरशीची करायची नाही, मातीची ठेवायची. गोमूत्र तिच्यात मुरते. काही महिन्यांनी ती माती खणून काढायची, ठेचायची, आणि तिच्या जागी नवी माती घालायची. ही मूत्रमाती म्हणजे नत्राचा साठा. नाहीतर गोमूत्र गोठ्यातून वाहून नालीला जाते. शेण पोटात घेतलेल्या अन्नाचे उरलेले, पण जनावराने पचवलेल्या नत्राचा मोठा भाग मूत्रातून बाहेर येतो, हे शेतकऱ्याला दिसत नाही म्हणून त्याचा विचार होत नाही.

खड्डा भरताना थर देताना मूत्रमाती आणि चुलीतली राख शिंपडायची. राखेने आंबटपणा मरतो आणि पालाश मिळते. मग शेण, राख, मूत्रमाती पाण्यात कालवून केलेला शेणकाला. त्यात आधीच्या, पंधरा दिवसांच्या खड्ड्यातले थोडे बुरशी आलेले खत विरजणासारखे घालायचे. विरजण हा शब्द माझा आहे, पण कल्पना अगदी तीच: दही लावणाऱ्या कुठल्याही घरात ती समजावून सांगावी लागत नाही. भरताना माल तुडवायचा नाही, मोकळा राहू द्यायचा. पाणी बेताचे, पिळलेल्या फडक्याइतके ओले.

काही दिवसांतच ढीग तापतो, आत ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. तणाचे बी मरते, माश्यांच्या अळ्या मरतात. साधारण पंधरा दिवसांनी पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, तेव्हा माल खड्ड्याबाहेर जमिनीवर. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास येणारे खत तयार. सुरुवातीला कर्ब आणि नत्राचे प्रमाण ३३ ला १ असे जमवायचे, शेवटी ते १० ला १ च्या जवळ येते. हे प्रमाण जमवणे आणि मोजून दाखवणे हाच रसायनशास्त्रज्ञाचा भाग. संस्थेच्या चाळीस बैलांवर वर्षाला सुमारे हजार गाड्या खत निघे, म्हणजे एका बैलजोडीमागे पन्नास गाड्या. आणि शेणाचा फक्त एक भाग लागे. बाकीच्या गोवऱ्या थापायला मोकळीक होती.

यातले नवे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि हॉवर्ड-वाड यांनी तो स्वतःच सोडवून ठेवला आहे. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग याने चीन, कोरिया आणि जपानमधल्या शेतकऱ्यांचे कचरा कुजवण्याचे कसब वर्णिले होते. त्याचे पुस्तक १९११ मध्ये आले. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडला हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये रसायने घालून गवताचे कृत्रिम शेणखत करून दाखवले होते. पुसा-इंदूरच्या शेतकऱ्याचा गोठा, राख आणि उकिरडा होताच. चिनी शेतकरी, इंग्लिश रसायन, माळवी गोठा. हे सगळे एका खड्ड्यात आणून त्याचा क्रम आणि प्रमाण ठरवणे हे इंदूरचे काम. आपल्यात एक मंडळी असतात जी म्हणतील की हे सगळे वृक्षायुर्वेदात आहेच. दुसरी मंडळी म्हणतील की साहेबाने शिकवले म्हणून आपल्याला कळले. दोघांनाही हे पुस्तक गैरसोयीचे आहे, कारण लेखकांनी ज्याचे त्याचे देणे मांडून ठेवले आहे.

गॅब्रिएल ते पुस्तक छापलेले पाहू शकली नाही. १९३० च्या ऑगस्टमध्ये ती वारली. पुढे १९४० मध्ये आलेला आपला मोठा ग्रंथ हॉवर्डने तिलाच अर्पण केला. १९३१ मध्ये त्याने इंदूर सोडले.

तो गेल्यावर पद्धत इंदुरात थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीने निर्धोक कुजवून शेतीला कसा देता येईल याविषयी लिहिले. एका वैद्यकीय नियतकालिकातही ते आले. गेडिसने सोळा वर्षांपूर्वी जे आग्रहाने म्हटले होते त्याला आता मोजमापाचा आधार मिळाला. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये याच विचारातून वेगळी, उलथापालथ न करावी लागणारी 'बंगळूर पद्धत' बसवली. नगरपालिकांना ती सोयीची पडली. पण या सगळ्या कागदांत एक वाक्य कुठेही ठळक नाही: वस्तीतला मैला उचलून त्या खड्ड्यापर्यंत आणणारा माणूस एकाच समाजाचा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच होता. खताचा नफा जमिनीला आणि जमिनीच्या मालकाला, आणि विटंबना त्याला. सहकार्य हा शब्द वापरताना हे बाजूला ठेवता येत नाही.

गांधीजी १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले तेव्हा संस्थेत जाऊन त्यांनी खत करण्याची ही रीत पाहिली. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये त्यांनी तिची माहिती दिली. वर्ध्याच्या ग्रामोद्योगाच्या विचारात कंपोस्टचा खड्डा त्यानंतर ठाण मांडून बसला. त्याच परंपरेतून पुढे पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ते नाव पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत भोके ठेवलेले विटांचे टाके, आणि उलथापालथ नाही. विदर्भात आणि मध्य प्रदेशातही अशी टाकी तुम्ही पाहिली असतील.

बाहेर पद्धत कशी पसरली त्याचा तपशील मी इथे टाळतो. केनियातले कॉफीवाले, आसाम-सिलोनचे चहावाले, दक्षिण आफ्रिका, कोस्टारिका. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर आणि १९४६ ची सॉइल असोसिएशन, अमेरिकेत हॉवर्ड वाचून १९४२ मध्ये मासिक काढणारे रोडेल. हे सगळे इंग्रजी पुस्तकांत सविस्तर आहे. लक्षात घेण्याजोगे एवढेच की आधी पद्धत उचलली ती मळेवाल्यांनी, ज्यांच्याकडे जमीन सलग होती आणि मजूर पगारी होते.

आणि माळव्यात? इथे या हकिगतीचा अवघड भाग आहे. ज्या शेतकऱ्यासाठी इंदूर पद्धत निघाली, त्याच्या शेतात ती सर्वत्र रुजली असे म्हणता येत नाही. याचे खापर शेतकऱ्याच्या आळसावर फोडण्याची जुनी सवय आहे. माझे मत वेगळे आहे आणि ते मांडण्यासाठीच मुख्यतः हे लिहितो आहे.

संस्थेकडे तीनशे एकर, चाळीस बैल, विहिरीचे पाणी आणि रोजचे मजूर होते. एका जोडीच्या शेतकऱ्याकडे यांतले काय होते? पऱ्हाट्या आणि तुराट्या त्याच्या चुलीत जात, तुराट्यांची कुडे आणि टोपल्या होत. म्हणजे शेण वाचवायचे तर काड्या जाळाव्या लागत आणि काड्या वाचवायच्या तर शेण. उन्हाळ्यात, म्हणजे खत करायला सवड असते त्या दिवसांत, माणसाला आणि जनावराला पाणी पुरत नसे. ढिगाला कुठून घालणार? तीन वेळा उलथापालथ म्हणजे घरातल्या बाईच्या आणि मुलांच्या अंगावर आणखी काम. हे सगळे खरे. पण याहून मोठे कारण मला जमिनीच्या हक्कात दिसते.

खत हे एका हंगामाचे पीक नाही. आज घातलेले कंपोस्ट या वर्षी थोडे, पुढच्या वर्षी थोडे, तिसऱ्या वर्षीही थोडे असे परत मिळते. जो माणूस जमीन एका वर्षाच्या बोलीने कसतो, त्याने तीन वर्षांत फेडणारे खत घालणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात पैसे ठेवून निघून जाणे. बटाईदाराला, ठेकेदाराला, तोंडी बोलीवरच्या कुळाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. हॉवर्ड-वाड यांनी गोठ्यापासून शेतापर्यंतचा प्रत्येक दुवा जोडला, पण शेत कोणाचे हा दुवा त्यांच्या हातात नव्हता. तो आपल्या लोकांच्या हातात होता: इनामदार, जहागीरदार, जमीनदार, आणि शहरात नोकरी करून गावच्या जमिनीचा वाटा घेणारे.

आपण माळव्यातल्या, बुंदेलखंडातल्या, बडोद्याकडच्या मराठी कुटुंबांनी हे निवांतपणे वाचण्यासारखे आहे. आपल्यापैकी पुष्कळांची जमीन कायद्यांत गेली, काहींची राहिली. राहिली तिथे ती बहुधा दर वर्षी ठेक्याने दिली जाते, आणि दर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बोली होते. जो जास्त देईल त्याला. त्या जमिनीत कंपोस्ट कोण घालील? ठेका तीन किंवा पाच वर्षांचा, आणि त्यात शेणखताचा वाटा मालकाने उचलायचा, एवढी साधी बोली लिहिणे कोणत्याही शास्त्रज्ञाच्या हातचे नाही, आपल्या हातचे आहे.

जमीनही आता ती राहिलेली नाही. पूर्वी माळव्यात काळी जमीन पुष्कळ ठिकाणी पावसाळाभर पडीक ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले, पडीक पावसाळा संपला, दोन पिके सुरू झाली. इंदुरात १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही स्थापन झाले. पैसा आला, त्याची कुचेष्टा करण्यात अर्थ नाही. पण ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. बैल गेले तशी मूत्रमाती गेली, शेणकाला गेला, पऱ्हाट्या चिरडणारी गाडीची चाके गेली. इंदूर पद्धतीचे यंत्र बैलावर चालणारे होते. तिला आज जसेच्या तसे परत आणा म्हणणारा माणूस ते पुस्तक न वाचताच बोलत असतो. मूळ विचार मात्र बैलाशी बांधलेला नाही. कर्ब आणि नत्र यांचा मेळ, हवा, ओल, आणि विरजण. गव्हाचे काड जाळण्याऐवजी कुजवायचे असेल तरी हेच चार लागतात.

संस्थेचे पुढे कृषी महाविद्यालय झाले, आणि ते आज ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाखाली आहे. होळकरांनी दिलेली जमीन शिंद्यांच्या नावाच्या विद्यापीठाकडे, हे पाहून आपल्या आजोबांच्या पिढीतल्या काही मंडळींनी मिश्या पिळल्या असत्या. भोवती शहर वाढत आले आहे आणि शहराच्या मध्ये एवढी मोकळी काळी जमीन दिसली की तिचा दुसरा उपयोग सुचवणारे लोक असतातच. तिचा पहिला उपयोग काय होता हे माहीत असलेले लोक किती आहेत, यावर बरेच अवलंबून राहील.

शहराने मात्र वाडांचा १९३४ चा धडा, नाव न घेता का होईना, गिरवला आहे. देवगुराडियाजवळ २०२२ मध्ये ओल्या कचऱ्याचा जो मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची आहे. त्यातून वाहनांसाठी वायू निघतो आणि दिवसाला सुमारे शंभर टन सेंद्रिय खत निघावे अशी योजना आहे. आपल्या स्वयंपाकघरातली भाजीची देठे, केळीची साले आणि चहाचा चोथा रोज सकाळी वेगळ्या डब्यातून जातो तो तिकडे. गाडी गाणे वाजवत दारात येते तेव्हा ते पोचवणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे ते आपण आपले पाहावे. आणि ते खत परत माळव्याच्या कोणत्या शेतात पडते, त्या शेताचा ठेका किती वर्षांचा आहे, हेही.